अठ्ठावीस शॉट, तेवीस सेव्ह

माझ्या नवऱ्याला हार्ट अटॅक आला तो फेब्रुवारीच्या अखेरीस, ड्राइव्हवेतला बर्फ उपसताना. वय त्रेचाळीस. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. आम्ही न्यूयॉर्क राज्याच्या पार वरच्या टोकाला, सरोवराकाठच्या एका शहरात राहत होतो. तिथे नोव्हेंबरात पडलेला बर्फ कधी कधी एप्रिलपर्यंत कडेला साचून राही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. फावडं बर्फात रोवून ते उभे राहिले, मग त्या फावड्यावर दोन्ही हात ठेवून वाकले. मला वाटलं, दम लागला असेल. मग ते तिथेच बर्फावर बसले आणि मी चपला न घालताच धावले.

दहा-बारा दिवस हॉस्पिटलात काढून ते घरी आले. तिथले हृदयाचे डॉक्टर आपल्या मराठी मंडळातलेच होते. घरी सोडताना त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. मीठ कमी, तूप बंद, सिगरेटचं नावही नको. जिना दिवसातून एकदाच. दुखलं तर जिभेखाली गोळी, पाच मिनिटांत थांबलं नाही तर दुसरी, आणि मग थेट ॲम्ब्युलन्स.

"आणि वहिनी, एक्साइटमेंट अजिबात नको," ते म्हणाले. "सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर टेस्ट घेऊ. तोपर्यंत ऑफिसचा फोन नाही, भांडण नाही, आणि यांचं ते हॉकीही नाही."

नवरा हसला. डॉक्टरही हसले. मला काही हसू आलं नाही.

मग गाडी आणायला मी एकटी निघाले, तर डॉक्टर कॉरिडॉरमधून माझ्याबरोबर चालत आले. म्हणाले, "हृदयाच्या स्नायूचा एक भाग गेलाय. किती, ते टेस्टमध्ये कळेल. टेस्ट चांगली आली नाही तर बायपास करावं लागेल. त्यांना आत्ताच सांगू नका, उगाच डोक्यात घेतील." मी मान हलवली. हे एवढं वाक्य मी सहा आठवडे पोटात घेऊन फिरले.

त्यांचं हॉकी म्हणजे बर्फावरचं हॉकी. हा माणूस नागपूरचा. त्यांचा बर्फाशी संबंध उसाच्या रसाच्या गाडीपुरता. पण इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉकी टीममध्ये ते पुढच्या फळीत, लेफ्ट-इन खेळायचे. इथे पंपांच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात कुणा सहकाऱ्याकडे एक तिकीट उरलं, म्हणून ते मॅचला गेले आणि परत आले ते वेगळेच माणूस होऊन. "अगं, स्टिक तीच, पण खाली बर्फ! माणसं पळत नाहीत, सुटतात!" असं सांगत त्यांनी जेवणाच्या टेबलाभोवती मोज्यांवर घसरून दाखवलं होतं.

इंजिनिअर असल्यामुळे नुसतं बघण्यावर त्यांचं भागेना. त्यांनी कापडी पुठ्ठ्याचं एक लांबलचक रजिस्टर केलं. आमच्या शहराच्या संघाची प्रत्येक प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतली, मॅच त्यात असायची: कुणी गोल केला, कितव्या मिनिटाला, कुणाच्या पासवर, किती शॉट मारले, गोलकीपरने किती सेव्ह केले, म्हणजे अडवले, कोण कशासाठी दोन मिनिटं बाहेर बसला. अक्षर छापल्यासारखं. वर्षातले बाकी सामने ते कसेही बघायचे, पण एप्रिल आला की टीव्हीसमोर पाटावर बसल्यासारखी मांडी घालून, मांडीवर रजिस्टर घेऊन बसायचे. खेळाडू जसे प्लेऑफ संपेपर्यंत दाढी करत नाहीत, तसे हेही करत नसत. त्या दाढीवरून आमची दरवर्षी कुरबूर व्हायची.

त्या वर्षी आमचा संघ कसाबसा प्लेऑफला पोचला. पहिल्या फेरीत पाचपैकी तीन सामने जिंकायचे असत. हॉस्पिटलात असताना त्यांनी विषय काढला नव्हता. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी काढला.

"मी बघणार नाही," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले ते मान्य. पण रजिस्टरमध्ये एक वर्ष कोरं जाणार नाही. तू लिही."

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"शिकून घे. चार आठवडे आहेत. मला दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर दे. झालेल्या गोष्टीची एक्साइटमेंट नसते गं, तो नुसता डेटा असतो."

मला हे पटलं असं नाही. पण त्यांना काहीतरी हवं होतं आणि ते देण्यासारखं होतं. दिवसभर ते पलंगावर छताकडे बघत पडून असत, आणि मला त्यांच्या त्या बघण्याची भीती वाटायची.

मला खेळ शिकवला तो शेजारच्या बाईंनी. सत्तरीच्या विधवा, पोलिश घराण्यातल्या. त्यांच्या घरात रेडिओ दिवसभर चालू असे. मी विचारल्यावर त्या लगेच आल्या, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लाटणं आडवं ठेवून म्हणाल्या, "ही मधली रेघ." मिठाची बाटली एक गोलकीपर झाली, मिरपुडीची दुसरी. लोणच्याच्या बरणीचं झाकण म्हणजे पक, ती काळी रबराची चकती. गोलाकडे मारलेला आणि अडवला नसता तर आत गेला असता, तोच शॉट मोजायचा. बाजूने गेला, खांबाला लागला, तर नाही. "घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "रेडिओवरचा माणूस सगळं सांगतो. तू फक्त कान उघडे ठेव."

कान उघडे कुठे ठेवायचे, हा मोठा प्रश्न होता. आमचं घर लाकडी आणि जुनं. तळघरातल्या भट्टीची गरम हवा पत्र्याच्या नळांमधून वरच्या खोल्यांत जायची, आणि तिच्याबरोबर खालच्या खोलीतलं बोलणंही. मी चपाती भाजताना पुटपुटले तरी वर बेडरूममध्ये ऐकू येई. खाली टीव्ही किंवा रेडिओ लावला असता तर त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या अख्खी मॅच ऐकली असती. शेवटी मला एकच जागा सापडली. आमची जुनी स्टेशन वॅगन ड्राइव्हवेत उभी असायची. तिचा रेडिओ चांगला होता.

म्हणून पहिल्या मॅचच्या संध्याकाळी साडेसातला मी स्वेटर, त्यावर कोट, पायावर गोधडी अशी गाडीत जाऊन बसले. स्टिअरिंगला रजिस्टर टेकवलं. आमची बारा वर्षांची मुलगी वर वडिलांबरोबर पत्ते खेळत बसली होती. काही झालं तर बेडरूमचा दिवा दोनदा उघडझाप करायचा, असं मी तिला बजावलं होतं. रेडिओवरचा माणूस इतका भरभर बोलत होता की मला पहिली पाच मिनिटं फक्त माणसांची आडनावं पडताना ऐकू येत होती. एक डोळा रजिस्टरवर, एक वरच्या खिडकीवर. दिवा स्थिर असला की मी एक शॉट लिहायची. पडद्यामागे सावली हलली की दोन शॉट चुकायचे. मॅच आम्ही हरलो. गाडीतून उतरताना माझे गुडघे धरले होते.

सकाळी मी रजिस्टर दिलं. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी पान वाचलं. "हं," म्हणाले. थोड्या वेळाने मी पोळ्या करत होते तर मुलगी धावत खाली आली. "आई, बाबा इज टेकिंग द पिल."

मी वर गेले. ते पलंगाच्या कडेवर बसले होते, डोळे मिटलेले, गोळी जिभेखाली. मी घड्याळ धरून बसले. चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "गेलं. थोडंसंच होतं." आणि मग, "मॅचमुळे नाही हं. मी बाथरूममधून जरा जोरात आलो."

खरं काय ते मला आजही माहीत नाही. पण त्या दिवशी बाटलीतल्या गोळ्या मी दोनदा मोजल्या.

दुसरी मॅचही हरलो. तीन गोलांनी. आता एक सामना हरला की संपलं. मी गाडीत बसून होते, गोधडी गुंडाळून, आणि माझ्या डोळ्यांपुढे त्यांचा तो सकाळचा चेहरा होता. मी ते पान फाडलं नाही, रजिस्टरचं पान फाडलं असतं तर त्यांना तत्काळ कळलं असतं. मी नुसते समोरच्या संघाचे तीन गोल लिहिलेच नाहीत, आणि आमचा एक जास्तीचा लिहिला. आमचे तीन, त्यांचे दोन. जिंकलो. जास्तीचा गोल मी अशा खेळाडूच्या नावावर टाकला ज्याचं नाव मला नीट लिहिता येत होतं. सकाळी अख्खा पेपरच नेऊन कोळशाच्या जुन्या शेगडीखाली सरकवला. शेगडी गॅरेजमध्ये होती, तिकडे जायची त्यांना परवानगी नव्हती.

त्यांनी पान वाचलं. चेहरा उजळला. मला बरं वाटलं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, आणि ते आकड्यांवरून खाली, मग परत वर जाऊ लागलं. मी चहाचा रिकामा कप उचलायला हात पुढे केला.

"थांब," ते म्हणाले. "त्यांचे शॉट किती?"

"लिहिलेत ना. अठ्ठावीस."

"आपल्या गोलकीपरने अडवले किती?"

"तेवीस."

"म्हणजे आत गेले पाच. तू लिहिलेस दोन." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तीन चकत्या कुठे गेल्या?"

मी गोल बदलले होते, शॉट आणि सेव्ह बदलायला विसरले होते. मला त्यांच्यातलं गणितच माहीत नव्हतं. गोलाकडे मारलेला प्रत्येक शॉट एक तर अडवला जातो, नाहीतर गोल होतो. तिसरी शक्यताच नाही.

"मोजताना चुकलं असेल," मी म्हटलं.

"पेपर कुठाय?"

"आला नाही आज."

त्यांचा आवाज चढला असता तर मी डॉक्टरांचं नाव घेऊन त्यांना गप्प केलं असतं. पण ते अगदी हळू बोलले. "हरलो ना? हरलो तर हरलो. गेली सगळी वर्षं हेच करतायत ते. पण तू मला खोटे आकडे दिलेस. मग मला आता दुसरंच काही वाटायला लागलंय. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये तुझ्याबरोबर एवढा वेळ काय बोलत होते?"

"गाडी कुठे लावलीय ते विचारत होते," मी म्हटलं. एका खोट्यावर दुसरं.

"बरं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलले. पाणी दे. पडदा ओढ. मीठ नसलेली भाजी तक्रार न करता खाल्ली, आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. मुलगी एकदा भांडी पुसताना म्हणाली, "आई, जस्ट टेल हिम. ही नोज यू आर हायडिंग समथिंग." मी तिला म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं?" ती ओला नॅपकिन ओट्यावर टाकून वर निघून गेली.

तिसरी मॅच आम्ही जिंकलो. चौथीही. दोन्ही पानं मी खरीखुरी लिहिली, शेजारच्या बाईंकडे जाऊन शॉट आणि सेव्हची बेरीज करून घेतली आणि मगच दिली. ते वाचायचे, पेनाने एकेक आकडा जुळवायचे, खाली छोटीशी टिक करायचे आणि रजिस्टर परत द्यायचे. पूर्वी त्यांनी माझा एवढा हिशेब कधी तपासला नव्हता. सामने दोन-दोन झाले. पाचवा, शेवटचा, रविवारी दुपारी होता. आणि सोमवारी सकाळी नऊला त्यांची ट्रेडमिलची टेस्ट.

रविवारी जेवण झाल्यावर मी त्यांना वर पाठवलं. "झोपा जरा. उद्या चालायचंय मशीनवर." ते निमूट गेले. मी भांडी तशीच टाकून गाडीत जाऊन बसले. ऊन पडलं होतं, कडेचा काळपट बर्फ ठिबकत होता. बेडरूमची खिडकी ड्राइव्हवेच्या बरोबर वर, म्हणून मी इंजिन सुरू केलं नाही, नुसती किल्ली अर्धी फिरवून रेडिओ लावला.

खेळाच्या तीन भागांपैकी पहिला गेला, दुसरा गेला. तोपर्यंत मला आवाजावरून खेळ कळायला लागला होता. रेडिओवरच्या माणसाचा आवाज वर चढायला लागला की पेन तयार ठेवायचं. एक-एक बरोबरी झाली, मग दोन-दोन. मी शॉटच्या पाच-पाच रेघांचे गठ्ठे करत होते आणि मधेच मला उद्याचं मशीन दिसायचं, त्यावर ते चालताहेत, अंगाला वायरी, आणि डॉक्टर कागदाकडे बघून ओठ मिटताहेत. तिसरा भाग संपायला एक मिनिट होतं तेव्हा गाडीचं पलीकडचं दार उघडलं.

ते आत येऊन बसले. पायजमा, त्यावर ओव्हरकोट, पायात सपाता.

"अहो! जिना! आज उतरला होतात ना एकदा सकाळी!"

"आता दोनदा उतरलो. परत चढलो की चढणंही दोनदा. ओरडून घे हवं तर." त्यांनी दार लावून घेतलं. "पोरगी म्हणाली तू गाडीत असतेस. मला वाटायचं तू शेजारी जातेस. तीन-तीन तास इथे थंडीत बसतेस?"

मी रेडिओ बंद करायला हात नेला. त्यांनी तो धरला. "राहू दे. वर पडून मी काय ऐकत होतो माहितीय? काहीच नाही. आणि काहीच ऐकू येत नाही तेव्हा माझं हृदय जास्त धडधडतं."

तेवढ्यात तिसरा भाग संपला. दोन-दोन. म्हणजे ओव्हरटाइम. प्लेऑफमधला ओव्हरटाइम निर्दय असतो; पहिला गोल झाला की सगळं तिथेच संपतं, मग तो दुसऱ्या मिनिटाला होवो नाहीतर दोन तासांनी. त्याच्या आधी पंधरा मिनिटांची विश्रांती. रेडिओवर टायरच्या आणि सोफासेटच्या जाहिराती सुरू झाल्या.

काचेवर आमच्या श्वासांची वाफ धरली होती. शेवटी मीच बोलले.

"स्नायूचा एक भाग गेलाय म्हणाले डॉक्टर. किती ते उद्या कळेल. टेस्ट वाईट आली तर बायपास."

त्यांनी मान वळवली नाही. "किती टक्के?"

"काय किती टक्के?"

"बायपास लागण्याची शक्यता किती टक्के? आणि भाग गेलाय म्हणजे किती?"

"ते नाही सांगितलं त्यांनी."

"तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं!" माझा आवाज फुटला. "ते ऐकून मला गाडी कुठे लावलीय तेही आठवेना. तुम्ही तिकडे व्हीलचेअरवर बसला होतात, नर्सबरोबर थट्टा करत. मी टक्के विचारू?"

सोफासेटची जाहिरात परत लागली. मग त्यांनी गोधडीचं एक टोक आपल्या पायांवर ओढून घेतलं आणि म्हणाले, "सहा आठवडे एकटीने वागवलंस हे. मला सांगितलं असतंस तर मीही घाबरलो असतो, एवढंच. दोघं घाबरलो असतो."

"डॉक्टर म्हणाले सांगू नका."

"डॉक्टर घरी राहत नाहीत आपल्या."

ओव्हरटाइम सुरू झाला. मी म्हटलं, "एका अटीवर. हात द्या इकडे." आणि त्यांचं मनगट धरलं, हॉस्पिटलात नर्सने शिकवलं होतं तसं, तीन बोटांनी. गाडीच्या घड्याळाकडे बघून मोजायला लागले. रजिस्टर त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. सहा आठवड्यांनी त्यांच्या हातात पेन आणि समोर चालू खेळ होता. शॉट त्यांनी मोजले, नाडी मी.

ब्याऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. आमच्या एका खेळाडूला दोन मिनिटं बाहेर बसवलं तेव्हा चौऱ्याण्णव. "बास, बंद करते," मी म्हटलं. "शंभराच्या आत आहे ना? श्वास बघ माझा, नीट चालू आहे," ते म्हणाले. ती दोन मिनिटं निघाली. नव्वद. समोरच्या संघाच्या गोलावर लागोपाठ तीन शॉट झाले आणि रेडिओवरचा माणूस किंचाळला, पण तिन्ही अडवले होते. माझ्या बोटांखाली ठोके एकसारखे पडत होते आणि माझ्या स्वतःच्या कानात इतकं धपधपत होतं की मला दोनदा मोजणं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. गोळ्यांची बाटली माझ्या कोटाच्या खिशात आहे ना, ते मी कोपराने चाचपून बघत होते.

पहिला ओव्हरटाइम संपत आला होता. आमचा एक बचावपटू मागून पक काढायला गेला, पाय घसरला, आणि रेडिओवरच्या माणसाचा आवाज वर चढण्याऐवजी एकदम खाली पडला. एवढ्यावरूनच आम्हाला दोघांना कळलं. मागून समोरच्या संघाच्या शहरातल्या प्रेक्षकांचा गलका ऐकू आला, आमच्या रेडिओतून, आमच्या गाडीत.

मी मनगट घट्ट धरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ते खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी शेवटचा गोल लिहिला, मिनिट लिहिलं, खाली सगळ्यांची बेरीज केली. "जुळतंय," ते म्हणाले. "किती?"

"शहाऐंशी."

"हरलेल्या माणसाच्या मानाने चांगली आहे."

रेडिओवर आता दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांशी हस्तांदोलन करत होते. ते पूर्ण होईपर्यंत त्यांनी मला रेडिओ बंद करू दिला नाही. मग मी म्हटलं, गाडी गॅरेजमध्ये लावू, संध्याकाळी पुन्हा थंडी पडेल. किल्ली पूर्ण फिरवली तर नुसतं टक्‌. पुन्हा टक्‌. रेडिओने बॅटरी खाल्ली होती.

ते हसायला लागले. अटॅकनंतर पहिल्यांदाच मोठ्याने. मी मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागले, कारण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. आत्ता, या तासाभरात जर काही झालं असतं, तर ही गाडी सुरू झाली नसती. आणि ती मीच बंद पाडली होती. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अगं, ॲम्ब्युलन्स येते इथे. सात मिनिटांत येते. त्या दिवशी आली होती की." मला तेही आठवलं नव्हतं.

जिना त्यांना परत चढू दिला नाही. खाली सोफ्यावर झोपवलं. मी समोरच्या खुर्चीत बसून त्यांच्या पांघरुणाची हालचाल बघत होते, आणि मध्येच माझा डोळा लागला की दचकून उठत होते.

सकाळी सातलाच शेजारच्या बाई बॅटरीच्या तारा घेऊन आल्या. त्यांनी स्वतःच दोन्ही गाड्यांची बॉनेट उघडली, चिमटे लावले, आणि मला म्हणाल्या, "काल तुम्ही दोघं गाडीत बसलेले बघितले मी. म्हटलं, भांडताहेत की ऐकताहेत?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"माझा नवरा आणि मी पण," त्या म्हणाल्या, आणि गाडी सुरू झाली.

हॉस्पिटलात त्यांना आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. आत मशीनचा पट्टा फिरायला लागल्याचा आवाज येत होता, मग त्यावरच्या बुटांचा. आवाजाचा वेग वाढला. पुन्हा वाढला. मी काहीच मोजलं नाही. हातात काही नव्हतं लिहायला, आणि मोजायला लागले तर कुठेतरी थांबेल असं वाटत होतं. समोरच्या भिंतीवर कुणीतरी लावलेलं जंगलाचं चित्र होतं, ते मी इतका वेळ बघितलं की त्यातली झाडं मला अजून आठवतात.

अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"या आत, वहिनी. दोघांना एकदमच सांगतो."

आत ते उघड्या अंगाने बसले होते, घामाघूम, छातीवर चिकटपट्ट्यांचे लाल गोल. डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली. म्हणाले, भाग गेलाय तो छोटा आहे. बाकीचं हृदय काम उचलतंय. आत्ता बायपासची गरज नाही. औषधं, चालणं, पथ्य, आणि सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट. जूनपासून अर्धा दिवस कामावर जायला हरकत नाही.

"किती टक्के?" नवऱ्याने विचारलं.

डॉक्टरांनी आकडा सांगितला. नवऱ्याने तो माझ्याकडे बघत पुन्हा एकदा उच्चारला, मला नीट ऐकू यावा म्हणून.

"आणि काल मॅच बघितली नाहीत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"बघितली नाही," ते म्हणाले. ते खरंच होतं.

"बरं झालं. मी बघितली. माझाच बीपी वाढला." त्यांनी पट्टीची घडी घातली. "कसली वाईट घसरण ती, यार."

परत येताना गाडी मीच चालवली. वाटेत सिग्नलला थांबले की ते म्हणायचे, बंद पडू देऊ नकोस, आणि मी पाय ॲक्सिलरेटरवर हलकेच दाबून ठेवायची. आमच्या गल्लीत लोकांनी गाड्या धुवायला काढल्या होत्या. बर्फ फक्त उत्तरेकडच्या भिंतींच्या कडेला उरला होता. घरी येऊन त्यांनी न्हाव्यासारखी तयारी करून दाढी केली, मला गालावर हात फिरवून बघायला लावला, आणि विचारलं, जेवायला काय आहे. मी म्हटलं, कालची भांडी पडलीयत अजून, ती घासल्याशिवाय काही नाही. "मी घासतो," ते म्हणाले. "हात पाण्यात घालायला डॉक्टर नाही म्हणालेले नाहीत."

मी नको म्हणणार होते. पण ते ओट्याशी उभे राहिले होते, बाह्या वर सारून. मी सोफ्यावर टेकले. नळाचं पाणी चालू झालं, एक पातेलं दुसऱ्यावर आपटलं. त्या आवाजात मी झोपले, आणि मुलगी शाळेतून येईपर्यंत मला जाग आली नाही.